दोरावर बसलेला माणूस

गोष्ट अगदी खरी आहे. शपथेवर सांगतो, डोळ्यांदेखत घडली. आता ती घडली तेव्हा माझे पणजोबाही जन्मले नव्हते, तेव्हा डोळे कुणाचे ते विचारू नका.

तर फार वर्षांपूर्वी, एका राज्यात दोन टेकड्या होत्या आणि मध्ये खोल दरी. त्या काळी दोरावरचा खेळ म्हणजे दोन बांबूंमध्ये ताणलेला दोर, माणसाच्या डोक्याइतका उंच. पडलं तर गुडघा फुटायचा, इतकंच.

मग एक खेळकरी निघाला. त्यानं दोर या टेकडीवरून त्या टेकडीवर नेला आणि दरीवरून चालत पार झाला. आयुष्यात एकदाच. पुढं तो तापानं गेला, पण त्याचं नाव मागं राहिलं. असला खेळ त्याच्याआधी कुणी स्वप्नातही केला नव्हता.

राजाला वाटलं, या माणसाचं चरित्र दगडावर कोरून वेशीत उभं करावं. चरित्रं तयार झाली तीन. एक दरबारच्या कविराजांचं. दुसरं खेळकऱ्याच्या मेव्हण्याचं. तिसरं गावच्या पंतोजींचं. हे पंतोजी इतके कंटाळवाणे, की त्यांच्या शाळेत पोरंच काय, भिंतीवरच्या पालीसुद्धा पेंगायच्या.

पण त्या राज्याची एक रीत होती. दगडावर जे कोरायचं, ते आधी करून दाखवायचं. विहिरीवर ‘बारमाही’ कोरायचं असेल, तर भर वैशाखात घागर भरून दाखवा, मग छिन्नीला हात लावा.

राजानं खेळकऱ्याच्या लेकीला बोलावलं. तीही दोरावर चालायची, पण खालच्या. राजा म्हणाला, “पोरी, तिन्हींतलं एक चरित्र तू निवड. त्यात लिहिलंय तस्सं जत्रेच्या दिवशी दरीवरून चालून दाखव. नाही म्हणालीस, तर तुझ्या माणसांनी बिऱ्हाडं उचलायची आणि माझ्या राज्याबाहेर जायचं.”

पोरगी घरी आली. “आई, तू तर तिथं होतीस. बाबा कसे चालले?”

आई म्हणाली, “होते गं. पण त्यानं पहिलं पाऊल टाकलं आणि मी डोळे मिटले. लोक ओरडले तेव्हा उघडले, तर हा पलीकडं उभा.”

दुसऱ्या दिवशी दरबारात वाचन झालं.

कविराज उठले. खेळकरी डोळ्यांना पट्टी बांधून निघाला, हातात काठी नाही, ओठांवर गाणं, आणि दरीतले गरुड त्याच्यापुढं मान झुकवताहेत! टाळ्यांनी छत हललं. राजानं डोळे पुसले.

मेव्हणा उठला. “कसलं चालणं नि कसलं काय! ताडी ढोसून निघाला होता. दोराखाली दुसरा दोर होता, त्याला कंबर बांधलेली. बघणारे आंधळे, दुसरं काय!” लोक खदाखदा हसले. असलं ऐकायलाही माणसाला आवडतंच.

पंतोजी उठले, खोकले, आणि वाचू लागले. “तो वेळूची काठी आडवी धरून निघाला. अर्ध्यावर पोचल्यावर तो दोरावर बसला. का बसला, मला ठाऊक नाही. मग उठला आणि पार गेला.”

“बसला?” कुणीतरी ओरडलं. “पान खायला बसला काय?”

पोरगी पुढं आली. तिनं तिघांनाही एकच विचारलं, “अर्ध्यावर असताना बाबांच्या मनात काय होतं?”

कविराज म्हणाले, “साक्षात स्वर्ग! आणि मधोमध महाराजांचा चेहरा.”

मेव्हणा, म्हणजे तिचा मामा, म्हणाला, “पळावं कसं, हेच. तुझ्या बापाला मी चांगला ओळखून होतो.”

पंतोजी म्हणाले, “मी काठावर उभा होतो, बाळ. त्याच्या मनात मी कसा शिरणार?”

“मला पंतोजींचं चरित्र हवं.”

राजा उसळला. “अगं, हा तुझ्या बापाला खाली बसवतोय!”

“महाराज, त्या दोघांना बाबांच्या मनातलंसुद्धा दिसलं. यांना दिसलं तेवढंच दिसलं. मला त्यावर पाय ठेवायचाय.”

जत्रेचा दिवस उजाडला. दोन्ही टेकड्या माणसांनी भरल्या. पोरगी काठी आडवी धरून निघाली. दोर कुरकुरला. आईनं या वेळी डोळे मिटले नाहीत. शेजारणीचा हात मात्र असा आवळला, की ती बिचारी कळवळली.

अर्धा दोर सरला आणि दरीतून वारा उठला. दोर डावीकडं गेला, उजवीकडं गेला, पुन्हा डावीकडं, आणखी लांब. काठीचं एक टोक खाली कललं. लोक ओरडायला लागले, “पळ! पळ! थांबू नको!” कविराज ओरडले, “गा! गा!”

पोरगी हळूच वाकली आणि दोरावर बसली. तिला वाटलं, काठीचं दुसरं टोक बाबांनी धरलंय आणि ते म्हणताहेत, घाई कसली? तिची भीती तिथंच सुटून दरीत पडली.

दोराचे हेलकावे कमी होत गेले. वारा ओसरला. मग ती उठली आणि पार गेली.

राजा धावत आला. “आता कळलं ना, तुझा बाप का बसला होता?”

ती धापा टाकत म्हणाली, “मी का बसले ते कळलं. उभी राहिले असते तर गेले असते. बाबा का बसले, ते बाबांनाच ठाऊक. पंतोजींची ओळ आहे तश्शी कोरा.”

तशीच कोरली. मग राजा कविराजांकडं वळला. “तुमचं काव्यही सुरेख आहे. त्यासाठीही दगड आणवतो. खालचाच दोर चालेल. बांधा पट्टी, लावा सूर.” कविराजांचा घसा नेमका तेव्हाच धरला. मामा तर गर्दीत कुठं दिसलाच नाही.

बोध असा: ज्या चरित्रात ‘मला ठाऊक नाही’ असं लिहायची हिंमत आहे, तेच चरित्र निवडावं.

आणि कबूल करून टाकतो. पोरगी दोरावर बसली, हे खरं. पण तेव्हा तिला काय वाटलं, ते बाबा, ती काठी, ती दरीत पडलेली भीती, ते सगळं माझ्या पदरचं आहे.