बाकावरची शर्यत

“मग सांगा ना बाबा, इतिहासात असा एक तरी विजेता झालाय का, ज्यानं दोस्तीपायी पदकावर पाणी सोडलं?”

रेतोनं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच मान हलवली. नाही म्हणजे नाहीच!

गावातले म्हातारे उर्सबाबा अंगणातल्या लांब बाकावर बसून बर्फावरच्या गाडीची पोलादी पट्टी घासत होते. बॉबस्लेडमध्ये दोन सुवर्णपदकं मिळवलेला माणूस. पण पदकं कुठं ठेवलीत असं विचारलं, तर बायकोला हाक मारायचे.

बर्फाच्या पन्हळीतून सुसाट सुटणारी ती दोघांची गाडी. पुढचा दोऱ्या ओढून ती वळवतो. मागचा पळत धक्का देतो, उडी मारून आत बसतो, मान खाली घालतो आणि शर्यत संपली की ब्रेक ओढतो. ब्रेक असतो तो त्याच्याचकडे.

रेतो पुढचा. मागचा बेनो, शेजारच्याच घरातला. दोघं एका ताटात जेवून वाढलेले. पण यंदा बेनोचा वेग जरा उतरला होता. लग्न मानवलं होतं म्हणा!

ऑलिंपिकसाठी मागच्याचं नाव संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. बेनोऐवजी दुसरा घ्यायचा, हे रेतोनं मनाशी ठरवलंच होतं. फक्त बाबांचा हात डोक्यावर हवा होता.

“सगळा इतिहास पाठ आहे मला,” तो म्हणाला. “आधी चांगले धष्टपुष्ट गडी घेतले, कारण वजनदार गाडी जोरात सुटते. मग वजनावर मर्यादा आली, तसे जाडे गेले आणि पळणारे आले. जिंकणाऱ्यांनी माणसं बदललीच बाबा!”

“खरं आहे.”

“मी तेच करतोय.”

“नवा कोण?”

“धावपटू आहे. धक्का असा देतो, की गाडी नाही, तोफेचा गोळाच!”

“आणि ब्रेक?”

“परवा सरावात ओढायलाच विसरला. गेलो थेट शेवटच्या गाद्यांत!” रेतो हसला. “शिकेल की. एक दांडा ओढायला काय अक्कल लागते? धक्का दिला की मागच्याचं काम संपलं. पुढं तो नुसतं ओझं.”

बाबांनी पट्टीवरून बोट फिरवलं. फुंकर मारली.

“बेनोला सांगितलंस?”

“...सांगेन. पदक आलं की त्यालाही पटेल.”

“बरं. दाखव तुझी शर्यत.”

यात नवल काही नव्हतं. गाडी हाकणारे सगळेच डोळे मिटून मनातल्या मनात शर्यत मारून बघतात. घोड्यावर बसावं तसा रेतो बाकावर बसला. बाबांनी पट्टी बाजूला ठेवली आणि त्याच्या पाठीला लागून बसले.

“मागं मी.”

रेतोला तर आतून गुदगुल्याच झाल्या. उर्सबाबा आपल्या मागं! म्हणजे आशीर्वाद मिळालाच की.

त्यानं डोळे मिटले. मुठींत दोऱ्या धरल्या. खांदे डावीकडे, मग उजवीकडे. वळणामागून वळण. एक चूक नाही! शेवटचं वळण तर तुपात बोट फिरवावं इतकं अलगद काढलं.

आणि दोन्ही हात वर फेकले.

“जिंकलो!”

मागून काहीच आलं नाही. ना टाळी, ना थाप.

“बाबा? जिंकलो ना?”

“जिंकलास. पहिला आलास.”

“मग उतरा की आता.”

बाबा हलले नाहीत.

रेतोनं डोळे उघडून मागं बघितलं. म्हाताऱ्याची मान खाली होती. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरलेले होते.

कुंपणापलीकडे बेनो शीळ घालत बर्फ लोटत होता...

रेतोचे हात अजून हवेतच.

“उतरू कसा, पोरा...? गाडी पळतेय अजून.”