झोळीतलं तूप

“मग मी का नको, महाराज?”

निवांतबुवा तुळशीला पाणी घालत होते. त्यांनी तांब्या रिता केला, पालथा धरून झटकला आणि मग मागं वळून पाहिलं.

“कशाला?”

“पल्याडच्या मठाला.”

नदीच्या पल्याड पाटलांनी नवा मठ बांधला होता. दगडी जोतं, पुढं ओटा, आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या पोटात दोन घास पडावेत म्हणून मागं मोठी चूल. गादीवर बसायला निवांतबुवांनी आपला शिष्य द्यायचा, एवढंच राहिलं होतं. शिष्य दोनच, विश्वंभर आणि खंडू. आणि आज सकाळी बुवा बोलता बोलता म्हणून गेले होते, “खंडू जाईल.”

आता विश्वंभर म्हणजे काय सांगावं! केतकी रंग, सरळ नाक, खांद्यावर रुळणारे केस. जाडीभरडी छाटीसुद्धा त्याच्या अंगावर पीतांबरासारखी दिसायची. खंडूला लहानपणी देवी आल्या होत्या. तोंडभर खड्डे ठेवून गेल्या, वर एक डोळाही बारीक करून गेल्या. लोक त्याच्यापुढं आधी नजर फिरवत आणि मग नमस्कार करत.

“पाटील स्वतः मला म्हणाले, तुम्हीच या.” विश्वंभर म्हणाला. ती गादी त्याला मनापासून हवी होती. “महाराज, आज हा मठ कुणाच्या झोळीवर जेवतो, ते तुम्हीच सांगा.”

खोटं कशाला बोला, त्यात तथ्य होतं. मठाचा रिवाज असा, की भिक्षेला आज एकानं जायचं, उद्या दुसऱ्यानं. घरं मात्र तीच. विश्वंभरच्या पाळीला झोळीत तूप लावलेली पोळी, सणावाराला पुरण. खंडूच्या पाळीला शिळी भाकर. तिच्यावर ठेचा असला तर नशीब म्हणायचं.

“लोक हाकेला देतात, महाराज. माझं ‘भिक्षां देही’ पोटातून येतं. खंडू पुटपुटतो. मी त्याला किती शिकवलं!”

शिकवलं होतं, तेही खरं. खंडूनं बिचाऱ्यानं नदीकाठी ओरडून ओरडून आवाज कमावला होता. भाकर शिळीच येत राहिली.

“आणि त्या गिरजाकाकू!” विश्वंभरला राहवेना. “मी दारात उभा, तर बाई मान वर करत नाही. तव्यावरची भाकर मोडते, अर्धी झोळीत टाकते, ‘जेवा बुवा’ म्हणते, की झालं! एवढ्या दिवसांत एकदा तोंडाकडं पाहिलं नाही. भाव कसला तो नाहीच.”

बुवा तुळशीजवळच टेकले.

“काल पंगत कुणी वाढली?”

“मीच.”

“खंडूच्या पानात काय वाढलंस?”

विश्वंभर आठवू लागला. कीर्तनाला आलेल्या त्या गोऱ्यागोमट्या पाहुण्याला तूप वाढलं होतं. महाराजांना तळचं घट्ट वरण. खंडूला...

“आठवत नाही, महाराज.”

“बरं,” बुवा म्हणाले आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी विश्वंभरची पाळी. पहाटे ओसरीची जळमटं काढताना खराटा लागला तो नेमका गांधीलमाश्यांच्या पोळ्याला. व्हायचं ते झालं. घटकाभरात तोंडाचा भोपळा झाला. डोळ्यांच्या नुसत्या फटी उरल्या, ओठ लोंबायला लागला.

“आज खंडूला पाठवा, महाराज. हे तोंड घेऊन कुठं जाऊ?”

“हाक पोटातून येते म्हणालास ना?”

“हो...”

“पोटाला काही चावलंय का?”

विश्वंभरनं झोळी उचलली.

देशमुखांची सून रोज ताट घेऊन उंबऱ्यात तयार असायची. आजही होती. त्याला पाहून ती दचकली. तिनं ताटावर पदर ओढला आणि आत पळाली. आतून सासूबाईंचा आवाज आला, “पुढं जा रे बाबा, घरात सोयर आहे.”

कसलं सोयर न् कसलं काय! घरातलं धाकटं पोर चांगलं अंगणात धावत होतं.

“अहो, मी विश्वंभर...” तो म्हणाला. सुजलेल्या ओठांतून शब्द नीट फुटेना. दार लागलं.

पुढच्या घरी आईनं लेकराला मागं ओढलं. “महारोगी तर नव्हे?” ती शेजारणीला म्हणाली, तेही त्याला ऐकू येईल एवढ्या मोठ्यानं. त्यापुढच्या घरातून लांबूनच एक तुकडा आला, तो झोळीत न पडता धुळीत पडला. कालपरवापर्यंत याच दारात त्याला बसायला पाट मिळत होता.

विश्वंभर वाकला. तुकडा उचलताना त्याच्या मनात आलं, खंडू एक दिवसाआड याच वाटेनं येतो. आणि मठात परतल्यावर याबद्दल चकार शब्द काढत नाही. विश्वंभरला स्वतःची लाज वाटली. इतकी लाज त्याला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

गिरजाकाकूंच्या दारात तो आला तेव्हा त्याच्यात जोर उरला नव्हता.

“भिक्षां देही...”

काकू चुलीपुढं भाकरी थापत होत्या. तव्यावरची भाकर त्यांनी काढली, मोडली, उठून अर्धी झोळीत टाकली. “जेवा बुवा.” आणि परत चुलीपुढं.

भाकर ऊन होती. झोळीतून तिची ऊब हाताला लागली, तसं विश्वंभरच्या सुजल्या डोळ्यांतून पाणी आलं.

“काकू, मला ओळखलंत?”

“विश्वंभरबुवा ना? काल खंडूबुवा येऊन गेले. आवाज बसलाय तुमचा, गरम पाणी घ्या.”

“पण तुम्ही कधी वर बघतच नाही...”

“वर काय बघू? भाकर करपते, बुवा.”

तो मठात परतला तेव्हा खंडूनं कांदा ठेचून ठेवला होता. तो त्यानं हलक्या हातानं गुरुबंधूच्या तोंडाला लावला. मग झोळी सोडली, धुळीतला तुकडा धुतला आणि वाटीभर पाण्यात टाकला.

“जरा भिजू दे,” खंडू म्हणाला. “मग दातांना त्रास होत नाही.”

विश्वंभर त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून पोरासारखा रडला. खंडू आपला कांदा सांभाळत बसून राहिला.

हळूहळू सूज उतरली. नाक जागेवर आलं, रंग जागेवर आला. देशमुखांच्या सुनेनं तर दोन पोळ्या घातल्या आणि वर विचारलं, “बुवा, इतके दिवस कुठं होतात हो?”

विश्वंभर झोळी घेऊन तडक तुळशीपाशी आला.

“महाराज, सूज उतरली.”

“दिसतंय.”

“तूपही परत आलं. पण घास गिळवत नाही. यापुढं हे घ्यावं की नको?”

“पोळीनं काय घोडं मारलंय? घे.”

विश्वंभरनं झोळी खाली ठेवली. नदीवरून पल्याडच्या मठातले हातोड्याचे आवाज येत होते. गादीची लाकडी चौकट बसवत होते बहुतेक.

“गादीवर खंडूच बसू दे,” तो म्हणाला. हे बोलताना अजूनही आत थोडं दुखलं. “मी तुमच्यापाशीच राहतो.”

“तूही जा.”

“मी? मी तिथं काय करू?”

“पंगत वाढ.”

बुवांनी तांब्या उचलला. विश्वंभरनं त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. उठला, निघाला, पायरीपाशी थांबला... परत आला.

“कशी वाढू, महाराज?”

बुवा तुळशीला पाणी घालू लागले.

“मान वर करू नकोस.”