शीतळे

मोरगिरीच्या माथ्यावर शीतळे नावाचे तळे आहे. नावावरून थंडगार पाणी मिळेल असे वाटून आम्ही मुली चढून गेलो आणि काठावर पोचताच मागे सरलो. वर हिरवी साय, खाली काळा गाळ, कडेला वळवळणाऱ्या जळवा. आमच्यातली सुलक्षणा 'शी' म्हणाली आणि काठावरच्या देवळाकडे बघून तिने जीभ चावली. देवळाचे गुरव धोंडूतात्या हसले.

"म्हण की. नाव त्यावरूनच पडलंय."

पूर्वी येथे चिद्घनबुवा नावाचे कवी आले, असे सांगतात. जीव रानावनातून चालत देवाला भेटतो, अशी पोथी ते रचत होते. झरे, चांदणे, हरणे सगळे लिहून झाले होते. देवाच्या भेटीचा अध्याय तेवढा उरला होता. तो सुचेपर्यंत या निर्मळ पाण्याला कोणी हात लावायचा नाही, असे व्रत त्यांनी धरले. वाडीचे पिण्याचे पाणी तेच. पण व्रतभंगाचे पाप नको म्हणून लोक रिकाम्या घागरी घेऊन बसले.

अशात एक रानडुक्कर तळ्यात पडून मेले. ते फुगले, मग फुटले. अळ्या तरंगत काठाला लागल्या. बुवा तोंड फिरवून डोंगरांकडे बघत ओव्या जुळवत राहिले म्हणे.

शेवटी ठकाई नावाची म्हातारी तान्ह्या नातवाला घेऊन आली. पोराचे ओठ सुकून फुटले होते.

"बुवा, देव सुंदर जागीच भेटायचा असेल तर दुसरा डोंगर बघा. पोर चाललंय माझं."

"पण ही घाण काढणार कोण?"

"पाणी कोणी अडवलंय?"

बुवा उतरले. डुकराचा पाय धरून ओढला तर पायच हातात आला. ते ओकले, पुन्हा वाकले. आतडी, मांस, गाळ उपसत राहिले. देव दिसला नाही. किळसही गेली नाही. तळाचा झरा मोकळा झाला, तेव्हा ठकाईने पोराच्या तोंडात त्याचे ताजे पाणी घातले. बुवांनी बरबटलेला हात पोथीच्या शेवटच्या कोऱ्या पानावर दाबला आणि पोथी तिथेच ठेवून ते निघून गेले.

आजही वाडीत त्या पोथीचे पारायण होते. शेवटच्या अध्यायाला वाचणारा तळ्यात उतरतो, ओंजळभर गाळ काढतो आणि हात न धुता ते पान उघडतो. पिढ्यांच्या बोटांनी ते काळेकुट्ट झाले आहे. त्यावर वाचण्यासारखे काही नाही. पान ऐकायला बसलेल्या एकेकाच्या तोंडाजवळ नेतात. त्या वेळी नाक दाबायला मनाई आहे.