हाक मारली ती धाकूला

श्री निरंतरगिरी महाराजांचा मुक्काम त्या काळी घाटाखालच्या पाणवस गावी होता. गावाच्या वरच्या अंगाला, ओढ्याकाठी एक जुने लेणे आहे. तिथे महाराजांनी धुनी पेटवली आणि भाविकांची पावले त्या वाटेला लागली. महाराज फार बोलत नसत. कुणी दुःख घेऊन आले की ऐकून घेत, धुनीतली चिमूटभर राख हातावर ठेवत आणि पुन्हा डोळे मिटत. तेवढ्याने माणसे हलकी होऊन घरी जात.

लेण्यातली कामे धाकू झोरे करी. जातीचा धनगर, वय चाळिशीच्या पुढचे, मागे-पुढे कुणी नाही. एकदा चुकलेली शेळी शोधत तो इथवर आला, महाराजांनी त्याला 'बस' म्हटले, आणि तो बसला तो पुन्हा आपल्या धनगरवाड्यावर गेलाच नाही. लाकडे फोडावी, पाणी भरावे, लेणे झाडावे, हेच त्याचे भजन. आरतीचे शब्द तो हमखास चुकवी. टाळ हाती दिले तर सगळ्यांचा ताल बिघडवी. सापाला भिई, अंधाराला भिई, आणि भीती वाटते हे भेटेल त्याला सांगून मोकळा होई. जेवायला मात्र कधी लाजत नसे.

गावचे पाटील हैबतराव दळवी यांना हा माणूस तिथे खुपत असे. हैबतराव उंचेपुरे, तलवारीच्या हाताचे, घाटात एकट्याने वाघाशी झुंजलेले. दर सोमवारी दर्शनाला येत ते सर्वांच्या पुढे बसत. धाकूकडे पाहून म्हणत, "महाराज, एवढं मोठं आपलं स्थान, आणि सेवेला हा ठोंब्या? सांगा, उद्या चांगला शिकला-सवरलेला ब्रह्मचारी आणून देतो." महाराज नुसते हसत. धाकूही हसे. आपल्यावर बोलले जात आहे हे त्याला कळत नसे असे नाही. पाटलांचे म्हणणे त्याला खरेच वाटे.

त्या साली गावात एक विचित्र आजार आला. धडधाकट माणूस बसल्या जागी पेंगू लागे, आडवा होई, आणि मग काही केल्या जागा होत नसे. श्वास चालू, अंग उबदार, पण डोळे उघडत नाहीत. अन्नपाणी पोटात जाईना, तेव्हा काही जण तसेच झोपेत गेले. वैद्यांनी हात टेकले. आणि एके दुपारी हैबतरावांची एकुलती लेक सगुणा अंगणात फुले वेचता वेचता तिथेच कलंडली.

हैबतराव तिला तशीच उचलून लेण्यात घेऊन आले. मागून अर्धा गाव आला. महाराजांनी मुलीच्या कपाळावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

"वर सादेचं रान आहे," महाराज म्हणाले, "त्याच्या पलीकडे कड्याच्या पोटात एक कुंड आहे. त्याचं पाणी डोळ्यांना लागलं की ही झोप उतरेल. हैबतराव, तू जा."

लोक एकमेकांकडे पाहू लागले. सादेच्या रानात माणसाला त्याच्या जिव्हाळ्याच्या माणसाची हाक ऐकू येते, त्या हाकेमागे गेलेला जागीच दगड होतो, हे पाणवसात सर्वांना ठाऊक होते.

"आत्ता निघतो," हैबतराव म्हणाले.

"एकटा जाऊ नको. धाकूला बरोबर घे."

त्या दुःखातही हैबतरावांच्या तोंडून निघून गेले, "महाराज, मी मुलीसाठी पाणी आणू की याला कडेवर घेऊन हिंडू? पालापाचोळा वाजला तरी हा किंचाळतो!"

काहीजण हसले. धाकू मान हलवत म्हणाला, "खरं हाय धनी. म्या लई भितो. पर गाठुडं चांगलं उचलतो."

महाराज म्हणाले, "त्यानं काही करायचं नाही. सोबत राहायचं एवढंच."

रात्री घाट चढता येत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी उजाडताच दोघे निघाले. हैबतरावांच्या कमरेला तलवार होती. धाकूच्या पाठीवर दोराने बांधलेले गाठोडे, त्यात भाकऱ्या, चटणी, घोंगडी आणि कुंडाचे पाणी आणायला तांब्याची झारी. हैबतराव झपाझप पुढे चालत, मागे वळून पाहत नसत. चढणीला त्यांच्या पायात काटा मोडला. ते दगडावर टेकतात न टेकतात तोच धाकूने त्यांचा पाय मांडीवर घेतला, दाभणाने काटा काढला आणि पाय परत खाली ठेवला. हैबतराव उठून चालू लागले. हाताखालच्या माणसांनी आपले पाय मांडीवर घ्यायचेच असतात, यात विशेष काय, असे त्यांना वाटले.

रान लागले तसा पाखरांचा आवाज थांबला. झाडांच्या मधून जागोजागी माणसे उभी होती, पण दगडाची. कुणाचा हात पुढे, कुणाचे तोंड हाक मारायला उघडलेले, सर्वांगावर शेवाळ. धाकू रामनाम घेऊ लागला आणि तेही मध्येच विसरला.

इतक्यात डावीकडून आवाज आला, "आबा! आबा, मी इथं आहे!"

सगुणेचाच आवाज. हैबतरावांनी तिकडे झेप घेतली. मागून त्यांचा शेला ताणला गेला. धाकूने तो दोन्ही हातांनी धरला होता.

"सोड!"

"धनी, ती घरला निजलीया. ही ती न्हवं."

हैबतरावांनी त्याच्या तोंडावर चपराक मारली. धाकूच्या ओठातून रक्त आले, मूठ सुटली नाही. हाक हळूहळू विरली, तेव्हा हैबतराव भानावर आले आणि शेला झटकून पुढे चालू लागले.

थोडे गेल्यावर दुसरी हाक आली. एका बाईची, दमलेली. "धाकल्या, ये रं लेकरा. किती वाट बघू?"

धाकू थांबला. त्याची आई तो जाणता होण्याआधीच वारली होती. तो त्या आवाजाकडे तोंड करून उभा राहिला आणि मोठ्याने म्हणाला, "आये, जरा कळ काढ. धन्यांचं काम उरकू दे, मंग येतो." मग लहान मुलासारखा हुंदके देत तो हैबतरावांच्या मागून चालू लागला. पाटलांनी ते ऐकले. एवढा मोठा बाप्या असा रडतो, याची त्यांना लाज वाटली.

कड्याच्या पोटात गुहा होती. आत निळसर पाण्याचे कुंड, आणि काठावर राखणदार बसलेला. माणसाहून दुप्पट थोर, दाढी जमिनीवर लोळणारी, डोळे मात्र थकलेल्या माणसाचे.

"पाणी न्या," तो म्हणाला. "पण दोघं आलात. एक जाईल, एक माझ्यापाशी राहील. इथं तीच रीत आहे."

हैबतरावांनी तलवार उपसली. ती म्यानातून बाहेर आली ती गंजून चुरा होत आली. मूठ तेवढी हातात राहिली. ते मूठ हातात धरून उभे राहिले. आयुष्यात प्रथमच पुढे काय करावे ते त्यांना सुचेना.

धाकूने गाठोडे उतरवले. झारी कुंडात बुडवून भरली, तिचे तोंड पानाने घट्ट बांधले आणि हैबतरावांच्या हाती दिली. मग भिंतीला पाठ टेकून तो खाली बसला.

"म्या ऱ्हातो हितं. तुमी निघा धनी, पोरगी खोळंबलीया. म्हाराजांना सांगा, धुनीला वली लाकडं घालू नका, धुरानं त्यांचं डोळं चुरचुरत्यात."

 गुहेत अंधार होता आणि धाकू अंधाराला भीत असे, हे हैबतरावांना ठाऊक होते.

हैबतराव निघाले. लेक मरणाच्या दारात आहे, धाकूमागे रडणारे कुणी नाही, तो आपणहून राहिला आहे, असे ते मनाशी म्हणत राहिले. सगळे खरे होते. तरी त्यांना मागे वळून पाहवले नाही.

रानात शिरताच हाक आली. "आबा!" आता शेला धरणारे कुणी नव्हते. हैबतरावांनी दात आवळले, झारी छातीशी धरली आणि वाट सोडली नाही. पण मन वाट सोडून केव्हाच त्या आवाजामागे गेले होते. पाय जड झाले. खाली पाहतात तो पावले दगडाची! पाहता पाहता गुडघे गेले, मांड्या गेल्या. छाती आवळू लागली. कुलस्वामिनीचे नाव घ्यावे तर आठवेना. महाराजांना हाक मारावी तर जीभ वळेना. सगळा जीव गोळा करून त्यांनी तोंड उघडले आणि आवाज फुटला तो असा,

"धाकू!"

कुणीतरी त्यांचा हात धरला. तळवा खरखरीत, ऊबदार. "चला धनी," शेजारून आवाज आला. पाहतात तो धाकू! पाठीवर तेच दोराचे गाठोडे, ओठावर तेच वाळलेले रक्त. हात हातात येताच पायांचा दगड सुटला. दोघे चालू लागले. तू सुटलास कसा, असे हैबतरावांना विचारायचे होते, पण विचारायचा धीर झाला नाही. साऱ्या रानातून धाकूने त्यांचा हात सोडला नाही. गावाची शीव आली तेव्हा सूर्य टेकला होता. "तुमी व्हा फुडं," म्हणून धाकू मागे राहिला.

पाणी डोळ्यांना लागताच सगुणेने कूस बदलली आणि भूक लागली म्हणाली. तेच पाणी घरोघर फिरले आणि सगळे झोपलेले जागे झाले. काय तो आनंद पाणवसचा! त्या संध्याकाळी गावात एकही चूल थंड राहिली नाही.

सकाळी हैबतराव शाल-श्रीफळ घेऊन लेण्यात आले. महाराज धुनीपाशी बसले होते. दूध घालणारी गोदूबाई तिथे होती.

"धाकू कुठं आहे?" हैबतरावांनी विचारले.

"आता गं बया! तो तुमच्याच संगं गेला न्हवं?" गोदूबाई म्हणाली. "काल तो न्हाई म्हनून मीच दिसभर हितं होते. म्हाराज आसनावरनं हाललं न्हाईत, डोळं उघडलं न्हाईत."

हैबतराव महाराजांना शाल पांघरवायला पुढे झाले आणि त्यांचे हात थांबले. महाराजांच्या खांद्यावर दोराचा लालभडक वळ उठला होता. ओठ फुटलेला होता.

"महाराज... काल रानात..."

"तू हाक धाकूला मारलीस," महाराज म्हणाले. "मग धाकू होऊनच यावं लागलं. गाठोडं बरंच जड असतं रे त्याचं."

"आणि धाकू?"

"जिथं तू ठेवलास तिथंच."

हैबतरावांनी शाल तिथेच टाकली. कुणाला काही न सांगता, हत्यार न घेता, ते पुन्हा घाट चढू लागले.

रानात हाक आली. हैबतराव थांबले, आवाजाकडे तोंड केले आणि म्हणाले, "सगुणे, जरा थांब बाळ. धाकूला घेऊन येतो." त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. ते पुसायचेही त्यांना सुचले नाही. पाय मात्र हलके राहिले.

गुहेत धाकू भिंतीशी बसून आपल्या शेळ्यांच्या गोष्टी सांगत होता. कुठली मारकी, कुठली लाडकी, कुणी कुणाचे करडू पाजले. राखणदार हनुवटीला हात लावून ऐकत होता. दोघांच्या मध्ये अर्धी भाकरी उरली होती.

"याला सोड," हैबतराव म्हणाले. "मी राहतो."

राखणदार हनुवटीचा हात काढून त्यांच्याकडे वळला.

"मलाही असंच कुणी इथं ठेवून पाणी घेऊन गेलं होतं," तो म्हणाला. "तो येईल म्हणून मी हाका मारत राहिलो. किती काळ झाला ते आठवत नाही. रानात जी साद ऐकू येते ती माझीच. ज्याच्या कानी पडते त्याला ती आपल्या माणसाची वाटते. ठेवलेल्या माणसासाठी कुणी परत आलं, असं आजवर झालं नव्हतं."

एवढे बोलून त्याने डोळे मिटले. त्याचे थोर शरीर धुक्यासारखे विरळ होत गेले आणि त्या जागी कुंडाचा नितळ काठ तेवढा राहिला. तेव्हापासून त्या रानात पाखरे बोलतात.

दोघे खाली आले तेव्हा सारा गाव लेण्यापाशी जमला होता. हैबतराव थेट महाराजांपुढे गेले आणि चरणांवर डोके ठेवायला वाकले. महाराजांनी पाय आखडून घेतले.

"आधी तिकडं," ते म्हणाले.

धाकू ओढ्यात उतरून, राखेने माखलेले भांडे घासायला बसला होता. दोन दिवसांपासून ते तसेच पडलेले पाहून त्याला राहवले नव्हते. हैबतराव साऱ्या गावादेखत ओढ्यात उतरले, डोईचे पागोटे काढून काठावर ठेवले आणि धाकूच्या पायांवर त्यांनी कपाळ टेकले.

"अवं धनी!" धाकू घाबरून उभा राहिला. "पाय चिखलाचं हायत माझं!"

हैबतरावांनी डोके उचलले नाही. भांडे हातातच धरून धाकू अवघडून उभा होता, गाव काठावर उभा होता, आणि वर धुनीपाशी बसलेल्या निरंतरगिरी महाराजांनी धाकूच्या दिशेने हात जोडले होते.