दोन तबकड्या

"तुमच्या नियमानंच घात केला, चाचा. नाहीतर काय?"

विश्राम तारळेकर दारातूनच बोलला. चपला काढायचंही त्याला भान नव्हतं.

मिरजेत दर्ग्यामागच्या गल्लीत हबीबचाचा ग्रामोफोन आणि रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त करत. दर गुरुवारी त्यांच्या दुकानात चार कानवेडी माणसं जमत आणि तबकड्या ऐकत. नियम एकच होता. आधी ऐकायचं, मग कव्हर वाचायचं.

विश्रामचे कान तिथंच बारा वर्षं घडले. आता तो एका मासिकात नव्या आणि पुन्हा निघालेल्या तबकड्यांवर लिहायचा. चांगलं लिहायचा. आपण चांगलं लिहितो हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं, पण हा दोष काही त्याच्या एकट्याचा नाही.

"बस आधी. काय झालं?"

"हसतायत सगळे."

झालं होतं ते असं. इंग्लंडातल्या लोकगीतांची एक साठ वर्षांपूर्वीची तबकडी पुन्हा निघाली होती. नाव 'पांढरं कुरण'. विश्रामनं ती ऐकली आणि वेडा झाला. लिहिलं, 'हा ऐंशीच्या घरातला दर्यावर्दी म्हातारा मरणाच्या उंबऱ्यावर बसून मुलाचा निरोप घेतो आहे. गायकाचं नाव विचारू नका. असा आवाज नावाच्या पलीकडे गेलेला असतो.'

तबकडी मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांची होती. त्यानं वाजवली तेहेतीसवर. फेरे कमी पडले, आवाज जड होऊन खाली बसला.

गाणारी होती एल्सी नावाची मुलगी. वय वर्षं एकोणीस. गाणं मेंढ्यांची लोकर कातरण्याचं.

पुढच्या अंकात बेळगावच्या एका वाचकाचं पत्र छापून आलं. 'म्हातारेबुवांना दाढी होती का, तेवढं कळवावं.'

"कव्हरवर सगळं छापलेलं होतं," विश्राम म्हणाला. "नाव, वय, फेरे. पण आधी ऐकायचं, हा तुमचा नियम..."

"आणि मग?"

"मग काय?"

"मग कव्हर वाचायचं. नियम दोन पायांचा हाय, बाळा. तू लंगडा करून नेलास."

विश्राम आता कुठं खाली बसला.

"ऐकताना कुठं खटकलं न्हाई?"

"खटकलं. श्वास फार लांब होते. एवढा दम माणसाला असत नाही. म्हटलं, काय तालीम असेल!"

"म्हंजे शंका आली."

"आली. पण माझे कान चुकतील असं वाटलं नाही."

चाचा हसले नाहीत. त्याचंच विश्रामला जास्त लागलं. त्यानं खिशातून कागद काढून पुढं केला. संपादकांना लिहिलेला राजीनामा होता. 'पांढरं कुरण या तबकडीवर माझ्याकडून झालेला अन्याय अक्षम्य आहे. यापुढे संगीतावर लिहिण्याचा मला अधिकार नाही.' लिहिणं हेच त्याचं सगळं होतं, आणि तेच तो सोडत होता.

चाचांनी कागद वाचला. बाजूला ठेवला. विश्रामच्या पिशवीतून 'पांढरं कुरण' काढली आणि मुद्दाम तेहेतीसवर लावली.

म्हातारा गाऊ लागला. चाचा डोळे मिटून ऐकत राहिले...

"दर्यावर्दीच हाय की," ते म्हणाले. "किती वेळा ऐकलीस?"

"अकरा."

"रडलास?"

"...हो."

"पिशवीत ही दुसरी कुठली?"

"नवीन आहे. लंडनच्या चौघांची, प्रयोगशील जॅझ. त्याच लेखात होती. ती तेहेतीसचीच, बरोबर वाजवली मी. तिच्याबद्दल कुणाची तक्रार नाही."

"काय लिहिलंस?"

विश्रामला ते पाठ होतं. "'केटली शिट्टी मारत राहिली, चहा काही आला नाही.'" ही ओळ तेव्हा बरीच गाजली होती.

"वा! किती वेळा ऐकलीस?"

विश्रामनं चपलांकडे बघितलं.

"दोन मिनिटं..."

चाचांनी ती तबकडी लावली. तेहेतीसवर, जशी लावायची तशीच.

सॅक्सोफोन किंचाळला. ड्रम एकीकडे, पियानो तिसरीकडे, कुणाचा कुणाला पत्ता नाही. दोन मिनिटं झाली तसा विश्रामचा हात सवयीनं सुई उचलायला पुढं गेला. चाचांनी त्या हातावर आपला हात ठेवला. तेलाचा, खरबरीत, उबदार हात.

पाच मिनिटं... आठ...

नवव्या मिनिटाला बाकीचे तिघे एकदम थांबले. सॅक्सोफोन एकटाच उरला. किंचाळून किंचाळून दमला होता बिचारा. हळूहळू खाली उतरला आणि एका साध्या सुरावर टेकला. एवढा वेळ तो काय मागत होता ते तेव्हा कुठं विश्रामला कळलं.

बाजू संपली. सुई मधल्या कड्यात खरखरत फिरत राहिली. दोघंही उठले नाहीत.

बऱ्याच वेळानं चाचांनी राजीनाम्याची घडी केली आणि विश्रामच्या हातात परत दिली.

"झकास लिहिलायस," ते मायेनं म्हणाले. "तेवढं रेकॉर्डचं नाव चुकलंय बघ."