बारवेवरच्या मुक्या पाण्याची कहाणी

ऐका, बारवेतल्या आसरांनो, तुमची कहाणी.

आटपाट नगर होतं, नगराबाहेर एक बारव होती. तिचा नेम होता. उन्हाळा चढला की दर घरानं दोनच घागरी न्यायच्या, आणि पाण्याविषयी कुणी कुणाशी बोलायचं नाही. बोललं तर पाण्यातल्या देवता, आसरा, रुसतात म्हणत.

तिथं सगुणा नावाची कोष्टीण होती. पदरात एकुलती लेक. एके दिवशी तिनं शेजारणीच्या दारात ओल पाहिली. मनात म्हणाली, "ही तिसरी घागर नेते. मग मीच का कोरडी राहू?" विचारावं, तर नेम आड आला. मग तिनं तिसरी घागर भरली, रांजणात लपवली. दुसऱ्या दिवशी भरली, लपवली. तिसऱ्या दिवशी भरली, लपवली.

चौथ्या दिवशी लेक तापानं फणफणली. "आई, पाणी!" सगुणेनं रांजण उघडला, तर आत वाळू! हात घातला, वाळू. उपडा केला, वाळू. घागर घेऊन बारवेवर धावली. बघते तर काय, तळ उघडा पडलेला! गावच्या साऱ्या बाया रित्या घागरी घेऊन पायऱ्यांवर उभ्या. कुणी तोंड उघडीना.

मग सगुणेनं नेम मोडला. "बायांनो, मी पापिणीनं तिसरी घागर नेली. हिच्या दारातली ओल पाहून नेली."

शेजारीण म्हणाली, "अगं, त्या दिवशी माझी घागर फुटली होती गं दारात! दिवसभर तहानलेली होते मी. मग तुझी तिसरी पाहिली, तेव्हा मीही नेली." मागची म्हणाली, "मी तुमची पाहून नेली." तिच्या मागची म्हणाली, "मीही."

मग बाया पायरीवर बसल्या. कुणाकडे किती माणसं, कुणाकडे आजारी, सगळं बोलल्या. दोनाच्या वर न्यायची नाही, आजाऱ्याला आधी, असा एकमेकींना शब्द दिला. तोच तळाशी झरा पाझरला. पाणी एक घागरभर!

शेजारीण म्हणाली, "सगुणे, आधी तुझ्या लेकीला."

"मला? अगं, मीच पहिली चोर!"

"पहिली बोललीसही तूच. ऊठ."

सगुणा रडत घरी गेली. लेक पाणी प्याली, तिचा ताप उतरला. इकडे झरा मोकळा झाला, बारव भरली. आतून आसरा बोलल्या, "बायांनो, बोलण्यानं आम्ही कधी रुसलो गं? तुम्ही कधी बोलाल, याचीच तर वाट बघत होतो!"

बायांनी पाण्याला हात जोडले.

तेव्हापासून बायांनी वसा घेतला. चैत्रातल्या शुक्रवारी पायरीवर बसावं, आधी आपलं सांगावं, दुसरीचं ऐकावं, मग घागर बुडवावी. आसरा सगुणेला पावल्या, तशा तुम्हांआम्हां पावोत. साठा उत्तरांची ही कहाणी पाचा उत्तरांत सांगितली, ऐकणारीच्या घरी सुफळ होवो.