टिडवेलचा उसना गडी

पाहिलंत? चेंडू ओढ्याकडे गेला आणि कुणीही धावलं नाही. आता तो लांबचा गडी रमतगमत जाऊन घेऊन येईल. बार्कोम आणि टिडवेल या शेजारच्या दोन गावांचा सामना दरवर्षी याच कुरणावर होतो, आणि त्या कोपऱ्यात कधीच कुणाला उभं करत नाहीत. मी गजानन पिसाळ, मूळचा वाईजवळच्या ओझर्ड्याचा. या देशात बस चालवायला आलो आणि बार्कोमचाच होऊन राहिलो. पहिल्या वर्षी मलाही हा खुळेपणाच वाटला होता. मग शेजारच्या हॉब्जआजींनी जे सांगितलं, तेच तुम्हाला सांगतो. त्यात खरं किती हे त्या ओढ्याला ठाऊक.

फार पूर्वी या कुरणावरून दोन्ही गावांत हाडवैर होतं म्हणे. ओढ्याच्या अलीकडे बार्कोम, पलीकडे टिडवेल. पण ओढा पुरात आपली वाट बदलायचा, त्यामुळे हद्दीचा पुरावा कुणापाशीच नव्हता. डोकी फुटायची वेळ आली, तेव्हा दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांनी ठरवलं की क्रिकेटचा एक सामना खेळायचा. जिंकेल त्या गावाच्या गाई इथे चरतील, हरेल त्याने पुन्हा कुरणात गाय घालायची नाही.

बार्कोममध्ये अमोस फेल नावाचा एक तरुण होता. तो गवताची छपरं शाकारायचा. ते काम सुगीनंतरचं. एरवी तो आणि त्याची आई एका गाईच्या दुधावर दिवस काढत, आणि गाय या कुरणावर. कुरण गेलं तर गाय विकण्यावाचून गत्यंतर नव्हतं. त्यामुळे बार्कोम जिंकावं अशी अमोसइतकी कळकळ कुणालाच नसेल. अडचण एवढीच, की त्याला खेळता येत नव्हतं. छपराचं गवत लाकडी थापीने खालून वर ठोकून बसवतात. त्या सवयीने त्याचा प्रत्येक फटका आभाळात जायचा आणि कुणाच्या तरी हातात येऊन पडायचा. म्हणून त्याची फलंदाजी सगळ्यांच्या शेवटी. आणि क्षेत्ररक्षणाला त्याला त्या कोपऱ्यात ठेवत, चिखलात आणि खाज सुटवणाऱ्या झुडपांत, कारण तिथे उभं राहायला दुसरं कुणी तयार नसे.

सामन्याच्या दिवशी टिडवेलचे नऊच गडी आले. दोघांना गालगुंड झालं होतं. दुसरं कुठलं गाव असतं तर मनातल्या मनात पेढे वाटले असते. पण बार्कोमचा कर्णधार होता तिथला पाद्री, रेव्हरंड टॉली, आणि या लोकांना नुसतं जिंकून भागत नाही, नीट जिंकावं लागतं. तो म्हणाला, "नऊ जणांना हरवून घरी कुठल्या तोंडाने जायचं? आमचा एक गडी घ्या. दहा-दहा होऊ."

मग बार्कोमने शहाणपणा केला आणि अमोसला देऊन टाकलं. टिडवेलवाल्यांना त्याची कीर्ती ठाऊक होती. पण धर्माच्या गाईचे दात मोजायचे नसतात, म्हणून त्यांनी त्याला घेतलं.

पाद्र्याने अमोसला सर्वांसमोर शपथ घ्यायला लावली, की सूर्य मावळेपर्यंत मी टिडवेलचा. शपथ घेतल्यावर बिचाऱ्याच्या लक्षात आलं की आता आपण मन लावून खेळायचं ते आपलीच गाय घालवण्यासाठी. तो आईकडे गेला. ती गाईचं दावं धरून कुरणाच्या कडेला बसली होती. त्यांची बोली आपल्या वाईकडच्यासारखीच रांगडी, म्हणून मी ती तशीच सांगतो.

"आये, काय करू गं?"

"शबुद दिलास न्हवं? मग टिडवेलचा हो. गाईचं मी बघती."

हे बोलताना तिने तोंड दुसरीकडे वळवलं होतं, असं सांगतात.

दिवस कलला तेव्हा टिडवेलचा शेवटचा गडी म्हणून अमोस बॅट घेऊन आला. जिंकायला तीन धावा हव्या होत्या. त्याला बघून बार्कोमचे गडी खुशाल हसायला लागले. तो मुद्दाम बाद झाला असता तरी कुणाला कळलं नसतं, कारण रोज तसाच तर बाद व्हायचा. त्याच्या जागी मी असतो तर काय केलं असतं, ते मी तुम्हाला सांगणार नाही. अमोसने मात्र सगळा जीव ओतून बॅट खालून वर हाणली. चेंडू नेहमीसारखा आभाळात गेला. बार्कोमचे सगळे गडी झेल घ्यायला माना वर करून उभे राहिले, आणि चेंडू उतरला तो नेमका ओढ्याकडच्या कोपऱ्यात. तिथे कुणी नव्हतं. तिथे नेहमी उभा राहणारा माणूस त्यांनी सकाळीच देऊन टाकला होता. झुडपांतून चेंडू शोधून काढेपर्यंत अमोस आणि त्याचा जोडीदार तीन धावा पळाले.

बार्कोमच्या लोकांना तोंडं कुठे लपवावीत ते कळेना. अमोसने बॅट खाली ठेवली, आईच्या हातातलं दावं घेतलं आणि तो गाईला कुरणाबाहेर काढू लागला. तेवढ्यात टिडवेलचा कर्णधार त्याला आडवा आला. जेबेझ लाउड त्याचं नाव, सफरचंदाची दारू गाळणारा धिप्पाड गडी.

"गाय कुठं चालवलीस?"

"घरला. कुरण आता तुमचं हाय."

"सूर्य बुडाला का? न्हाई ना? मग आजून तू आमचा गडी, आन तुझी गाय टिडवेलची गाय. टिडवेलची गाय टिडवेलच्या कुरणात न्हाई चरायची तर कुठं चरायची? सोड तिला. आन आज चरली ती उद्या बी चरंल."

अमोसला रडू फुटलं, आणि त्याच्याहून मोठ्याने पाद्र्याला. सूर्य मावळल्याबरोबर बार्कोमवाल्यांनी आपला गडी परत मागून घेतला आणि खांद्यावर बसवून घरी नेला म्हणे. गाय कुरणातच राहिली.

खरी गंमत पुढच्या वर्षी झाली. दोन्ही गावांनी हौसेने पुन्हा सामना ठेवला. सामन्याच्या सकाळी पाद्र्याच्या दारात अख्खं बार्कोम उभं. जो तो शपथेवर सांगतोय, की माझ्याइतकं वाईट गावात कुणी खेळत नाही, यंदा उसना मलाच द्या. एकाने तर बॅट उलटी धरून दाखवली. टिडवेलवाल्यांना काय ते उमगलं, पण ते हसून घेत राहिले. उसन्या गड्याची गाय टिडवेलची, या हिशेबाने वर्षाला एक घर असं करत बार्कोमच्या सगळ्या गाई कुरणात परतल्या. नुसतं घेत राहणं बरं दिसेना, म्हणून मग टिडवेलनेही आपला एक गडी द्यायला सुरुवात केली.

आजही सामन्याच्या सकाळी दोन्ही गावं एकेक गडी बदलतात, आणि तोही सगळ्यात वाईट खेळणारा निवडून. मी आलो त्या वर्षी बार्कोमने एकमताने मला दिलं. एवढा मान मला पुन्हा कधी मिळाला नाही. तो कोपरा अमोसचा म्हणून मोकळा ठेवतात. आणि कुरण शेवटी कुणाचं, हे इथे कुणालाही विचारून पाहा. टिडवेलचा माणूस सांगेल, बार्कोमचं. बार्कोमचा सांगेल, टिडवेलचं. गवत मात्र दोघं मिळून कापतात.